इंग्रजीत एम.ए.? मग पुढे काय?

'बी.ए. झालं, आता पुढे काय?' या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं असतात. एक बी.एड. आणि दुसरं, स्थळं बघायला सुरुवात! या दोन्हींच्या मधे एखादी मुलगी हळूच म्हणते, 'मला इंग्रजीत एम.ए. करायचंय.' मग घरातल्या एकेकाचं सुरू होतं. 'दोन वर्षं घालवून मिळणार काय?', 'इंग्रजी तर क्लास लावूनही येतं की!', 'एवढी शिकलीस तर मुलगा तेवढा शिकलेला कुठून आणायचा?' सोलापूर असो, बार्शी असो की मंगळवेढा, बोलणी साधारण हीच.

खरं सांगायचं तर यातला पहिला प्रश्न अगदीच चुकीचा नाही. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षांची फी, पुस्तकं, रोजचा एसटीचा पास आणि घरातल्या कामातून काढलेला वेळ. एवढं सगळं घालायचं तर हातात काय पडणार, हे विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे आणि त्याहून जास्त त्या मुलीला आहे. म्हणून मैत्रिणींनो, आज 'इंग्रजी शिका आणि जग जिंका' असली जाहिरात करायची नाही. किराणामालाच्या वहीसारखा सरळ जमाखर्च मांडायचा. एम.ए. इंग्रजीनं कोणती दारं उघडतात, कोणती उघडत नाहीत आणि त्या पदवीला आणखी कशाची जोड द्यावी लागते, ते बघायचं.

इंग्रजी बोलणं वेगळं, एम.ए. वेगळं

आधी एक गैरसमज दूर करू या. एम.ए. इंग्रजी म्हणजे दोन वर्षांचा 'फाडफाड इंग्रजी'चा क्लास नव्हे. इथे शेक्सपिअरची नाटकं असतात, जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या असतात, अमेरिकेतलं साहित्य असतं, भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेलं साहित्य असतं. त्याच्या जोडीला समीक्षा, भाषाविज्ञान आणि इंग्रजी कसं शिकवावं याचा अभ्यास असतो. म्हणजे एखादा मजकूर बारकाईनं वाचायचा, त्यात लेखकानं काय म्हटलंय आणि काय मुद्दाम सांगायचं टाळलंय ते ओळखायचं, आणि मग आपलं म्हणणं पुराव्यासह चार पानांत मांडायचं. ही सवय लागणं हाच या पदवीचा खरा फायदा. बोलण्याचा सराव वेगळा करावा लागतो. तो न करता एम.ए. झालेल्या आणि मुलाखतीत अडखळणाऱ्या मुलीही असतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातल्या विद्यापीठांत एम.ए.ची रचना बदलली. आता त्यात संशोधन पद्धती हा विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्पही असतो. बायकांच्या दृष्टीनं एक सोय महत्त्वाची आहे. पहिलं वर्ष पूर्ण करून काही कारणानं थांबावं लागलं, तर पदव्युत्तर पदविका मिळू शकते. लग्न ठरलं, बाळंतपण आलं, सासरी आजारपण निघालं की शिक्षण सुटतं, ते बहुतेक वेळा बाईचंच. पूर्वी असं अर्ध्यात सुटलेलं वर्ष वाया जायचं. आता निदान त्याचा कागद तरी हातात राहतो.

घरच्यांची बोलणी नवीन नाहीत

बाईनं इंग्रजी शिकायचं म्हटलं की कपाळावर आठी, हे दीडशे वर्षांपासून चालू आहे. रमाबाई रानडे घरातल्या बायकांची टोचणी सोसत इंग्रजी शिकल्या. त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचं पुस्तक वाचलंत तर आपल्याच घरातली जेवणाची पंगत आठवेल! पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक थेट इंग्रजीत लिहून अमेरिकेत प्रसिद्ध केलं. इथल्या बायकांची स्थिती परक्या लोकांपर्यंत पोचली, मदत उभी राहिली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. इंग्रजी त्यांच्यासाठी मिरवायचा दागिना नव्हता, कामाचं हत्यार होतं.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवायला लागल्या. कोणता विषय? इंग्रजी! तिथून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा देणारी तिथली पहिली बाई ठरल्या. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या पदवीधर बाईनं पुढच्या प्रवासाला जी शिडी लावली, ती इंग्रजीच्या शिक्षिकेच्या नोकरीचीच होती.

अलीकडची उदाहरणं हवीत? गौरी देशपांडे यांनी पुणे विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. आणि पीएच.डी. केली, इंग्रजी शिकवलं, आणि कथा-कादंबऱ्या लिहिल्या त्या मात्र मराठीत. 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड त्यांनी मराठीत आणले आणि सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' इंग्रजीत नेलं. शांता गोखले यांनीही इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं. प्राध्यापकी, 'फेमिना'त उपसंपादक, औषध कंपनीत जनसंपर्काचं काम, पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कलाविभागाच्या संपादक, शिवाय कादंबरीकार आणि भाषांतरकार. एका पदवीतून किती वाटा फुटू शकतात बघा! पण एक गोष्ट लक्षात घ्या. या दोघींनी इंग्रजी शिकताना मराठी सोडली नाही. त्यांचं खरं बळ दोन भाषांच्या मधल्या जागेत होतं. हा मुद्दा पुढे आपल्या फार कामाचा आहे.

आता कोल्हापूर गाठायला नको

सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये सुरू झालं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि सोलापूर जिल्हा त्याला जोडला गेला. त्यानंतर चाळीस वर्षं मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायची असो की पीएच.डी.ची नोंदणी, कोल्हापूरची वारी ठरलेली. मुलीला एकटीला एवढ्या लांब पाठवायला घरातून परवानगी मिळेलच असं नाही. मग बाप रजा काढणार, नाहीतर काम पुढे ढकललं जाणार. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, एकाच जिल्ह्यासाठीचं विद्यापीठ. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. पुणे रस्त्यावर केगावला असलेलं हे विद्यापीठ पंढरपूर, माढा, अक्कलकोटच्या मुलीला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या टप्प्यात आहे. ज्या मुलींना 'संध्याकाळी सातच्या आत घरात'ची अट असते, त्यांच्यासाठी हे अंतर कमी होणं म्हणजे शिक्षण शक्य होणं!

रोज कॉलेजला जाणं जमणार नसेल तरी अडत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे 'इग्नू'च्या एम.ए. इंग्रजीला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो. वयाची अट नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरवून पूर्ण करता येतो. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. स्वाध्यायाला ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ७० टक्के वजन असतं. डिसेंबरची परीक्षा आटोपली की संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत मोकळ्या मनानं फिरता येतं! नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्यायही आहे.

'बाहेरून केलेली डिग्री चालते का?' ही शंका हमखास येते. मान्यताप्राप्त विद्यापीठातून मान्यता असलेला दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम केला असेल, तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. मात्र त्या विद्यापीठाला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे ना, हे आयोगाच्या यादीत बघूनच फी भरा. 'सहा महिन्यांत एम.ए.' असं सांगणाऱ्या कोपऱ्यावरच्या ऑफिसात पैसे आणि मूळ मार्कशीट देऊन बसू नका.

बाई व्हायचंय? पायऱ्या नीट मोजा

बाई म्हणजे शाळेतल्या बाई, कॉलेजातल्या मॅडम! एम.ए. इंग्रजी करणाऱ्या बहुतेक मुलींच्या डोळ्यांपुढे हेच चित्र असतं. त्याला कारणही आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. मग गावोगाव सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले. इंग्रजी नीट शिकवणाऱ्या शिक्षिकेची गरज तेव्हापासून आहेच. पण नुसत्या एम.ए.वर नोकरी मिळत नाही. कुठल्या वर्गाला शिकवायचं त्याप्रमाणे पायऱ्या वेगळ्या आहेत.

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागतं. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वर प्राथमिकच्या या वर्गांची शिक्षिका होता येत नाही. पहिली ते आठवीपर्यंत टीईटीही हवी. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. पुरतं. तिथे एम.ए. असणं चांगलं, पण सक्तीचं नाही. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही हवंत. बी.एड. सध्या दोन वर्षांचं आहे. म्हणजे बी.ए.नंतर चार वर्षं धरून चाला. अनुदानित शाळांची आणि झेडपीची भरती अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलमधून होते. ही भरती दर वर्षी नेमानं निघत नाही, हेही माहीत असू द्या.

फीची काळजी असेल तर एक चौकशी जरूर करा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ज्या कुटुंबांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी आहे, अशा ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. नेहमीच्या एम.ए.साठी ही योजना नाही. पण बी.एड.ला प्रवेश घेताना कॉलेजच्या ऑफिसात हा विषय काढाच.

सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.ला खुल्या गटात किमान ५५ टक्के आणि राखीव गटात ५० टक्के लागतात. त्यावर नेट किंवा सेट. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि तिचं केंद्र सोलापुरातही असतं. दोन पेपर, मिळून ३०० गुण, सगळे प्रश्न पर्यायी. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाच ही परीक्षा देता येते आणि तिला वयाची कमाल मर्यादा नाही. चाळिशीतल्या बाईनंही बसायला हरकत नाही! नेटमध्ये वरचे गुण मिळाले तर संशोधनासाठी जेआरएफ मिळते. २०२३ पासून ती महिन्याला ३७ हजार रुपये आहे. तिला ३० वर्षं वयाची अट आहे, पण बायकांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत.

आता या वहीतली खर्चाची बाजू. सेट-नेट झालेल्या सगळ्यांना कायम नोकरी मिळते असं मुळीच नाही. कायम जागा थोड्या निघतात. दरम्यान अनेक जणी तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत काही नाही आणि पुढच्या वर्षी बोलावतील का याची खात्री नाही. 'जागा भरायला एवढे द्यावे लागतात' अशा कुजबुजीही आपण सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. म्हणून 'एम.ए. झालं की प्राध्यापक' एवढं एकच स्वप्न उशाला घेऊन झोपू नका. दुसरी वाट पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.

चार भाषांच्या शहराची श्रीमंती

ती दुसरी वाट म्हणजे भाषांतर. आणि इथे सोलापूरच्या बाईजवळ अशी एक पुंजी आहे, जी पुण्या-मुंबईच्या मुलीजवळ सहसा नसते. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात हिंदी-उर्दू आणि घरात मराठी. भाजीवालीशी एका भाषेत घासाघीस करून शेजारणीशी दुसऱ्या भाषेत गप्पा मारणाऱ्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. 'त्यात काय एवढं?' असं आपण म्हणतो. पण एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत सहज नेता येणं हे कौशल्य आहे. एम.ए. इंग्रजी त्या कौशल्याला शिस्त लावतं.

या कामाची किंमत काय असू शकते? २०२५ सालचं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाला मिळालं. मूळ कथा कन्नड, लेखिका हासनच्या बानू मुश्ताक. त्या इंग्रजीत आणल्या दीपा भास्ती यांनी, ज्या दिल्ली-लंडनला नव्हे तर कोडगूत राहून काम करतात. पारितोषिकाचे ५० हजार पौंड लेखिका आणि भाषांतरकार यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. निम्मे! भाषांतर करणारीला लेखिकेच्या बरोबरीचा मान.

आपल्या मराठीतही हे झालंय. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' ही दोन्ही आत्मकथनं माया पंडित यांनी इंग्रजीत नेली. माया पंडित या हैदराबादच्या विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. ही दोन्ही भाषांतरं २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. फलटणच्या एका बाईनं भोगलेलं जग मराठीचा गंधही नसलेल्या वाचकांपर्यंत पोचलं. मधे कुणीतरी इंग्रजीत शिकलेलं आणि मराठीत मुरलेलं माणूस होतं, म्हणून!

सगळ्यांनाच साहित्याचं भाषांतर करायचं नसतं आणि त्यावर घरही चालत नाही. पण रोजच्या कामाचं भाषांतरही असतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. तालुक्याच्या कोर्टातली फिर्याद, जबाब, सातबारा, फेरफार, खरेदीखत ही सगळी कागदपत्रं असतात मराठीत. त्यांची चोख इंग्रजी भाषांतरं करून देणारं माणूस वकिलांना हवं असतं. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे दाखले असतात, सामाजिक संस्थांचे अहवाल असतात. ही कामं घरी बसून, मुलं शाळेत गेल्यावर करता येण्यासारखी आहेत.

सरकारी नोकरीचीही एक वाट आहे, जी आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगातर्फे कनिष्ठ अनुवाद अधिकाऱ्यांची भरती होते. पगाराची सुरुवात मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून. इंग्रजीत एम.ए. आणि पदवीला हिंदी विषय किंवा माध्यम असेल तर अर्ज करता येतो. सोबत हिंदी-इंग्रजी भाषांतराची पदविका किंवा प्रमाणपत्र, नाहीतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. वयाची साधारण मर्यादा ३० वर्षं. म्हणून बी.ए.ला असलेल्या मुलींनो, 'सोपं पडतं' म्हणून घेतलेली हिंदी 'काय उपयोग?' म्हणून सोडू नका. आणि हो, बँकेतल्या राजभाषा अधिकाऱ्याच्या जागेसाठी मात्र एम.ए. मुख्यतः हिंदीत लागतं. तिथे इंग्रजीचं एम.ए. चालत नाही. जाहिरात बघून उगाच फी भरू नका.

टॉवेल, युनिफॉर्म आणि इंग्रजी

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल. इथला टॉवेल परदेशी जातो, शालेय गणवेश शिवण्याचा धंदाही इथे वाढलाय. या धंद्यांना परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करावा लागतो, मालाची माहिती इंग्रजीत लिहावी लागते. चार ओळींचा ईमेल नेमका आणि नम्र लिहिणं हेही कौशल्यच. इंग्रजीची पदवी आणि कॉम्प्युटरची जाण असेल तर अशा ऑफिसात जागा होऊ शकते. मात्र तिथे शेक्सपिअरवर किती गुण मिळाले हे कुणी विचारणार नाही. 'हे पत्र आत्ता लिहून दाखवा,' असं म्हणतील!

याशिवाय शिकवण्या आहेतच. सेमी इंग्रजीच्या मुलांना व्याकरण, दहावी-बारावीला लेखन, नोकरी शोधणाऱ्या मुलींना मुलाखतीची तयारी. स्पर्धा परीक्षांसाठी म्हणाल, तर बँक असो की एमपीएससी, कोणतीही पदवी पुरते. फक्त त्यासाठी एम.ए. करत असाल तर दोन वर्षं थेट त्या अभ्यासाला दिलेली बरी.

'आता मोबाइलच भाषांतर करतो, मग माणूस कशाला?' हा आजचा नवा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. साधी, ठोकळेबाज भाषांतरं यंत्र क्षणात करतं आणि तसलं काम खरंच कमी होणार. पण यंत्रानं 'फेरफार'चा अर्थ भलताच लावला, किंवा सासूच्या टोमण्याचं सरळ कौतुक करून टाकलं, तर ते ओळखायला दोन्ही भाषा मुरलेलं माणूसच लागतं. कोर्टाच्या कागदावरचा चुकलेला शब्द कुणाची तरी जमीन घालवू शकतो. म्हणजे अर्धवट इंग्रजी येणाऱ्यांचं काम जाणार आणि चांगलं येणाऱ्यांकडे तपासणीचं काम येणार. त्यामुळे शिकायचं तर पक्कं शिका. गाइड पाठ करून मिळवलेल्या एम.ए.ला यापुढे फारशी किंमत राहणार नाही.

मराठी माध्यमातून आलोय, जमेल का?

जमतं! पहिले सहा महिने मात्र जड जातात, हे आधीच मनाशी धरून चाला. काही साध्या गोष्टी सांगते.

एक, मराठी पुस्तक आणि त्याचं इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी ठेवून वाचा. 'आयदान' आणि त्याचं भाषांतर 'द वीव्ह ऑफ माय लाइफ' घ्या. किंवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि शांता गोखले यांनी २०१७ मध्ये केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर घ्या. गोष्ट ओळखीची असल्यानं इंग्रजीची भीती निम्मी होते.

दोन, रोज पेपरमधला एक परिच्छेद इंग्रजीत लिहा. हाच पेपर चालेल! वही ठेवा, तारीख घाला. सहा महिन्यांनी पहिलं पान उघडून बघा, स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटेल.

तीन, बोलायला एक मैत्रीण गाठा. एसटीत, गच्चीवर, कुठेही रोज पंधरा मिनिटं फक्त इंग्रजी. चुका होऊ द्या. हसणारे हसतील आणि गप्प बसतील.

चार, प्रवेश घेण्याआधी एका कागदावर लिहा, 'मला शिकवायचंय, भाषांतर करायचंय, की ऑफिसात काम करायचंय?' शिकवायचं असेल तर बी.एड. की सेट, हे पहिल्या वर्षीच ठरवा. भाषांतर करायचं असेल तर त्याच दोन वर्षांत भाषांतराची पदविका बाहेरून करता येते का ते बघा. नुसती पदवी म्हणजे पीठ मळून ठेवल्यासारखं. पोळी करायची की भाकरी, ते ठरवलं नाही तर ते तसंच वाळून जातं.

आणि एम.ए. कुणी करू नये? ज्यांना घरात महिन्याभरात पैसे आणणं भागच आहे, त्यांनी आधी कमावती वाट धरावी आणि एम.ए. बाहेरून, सावकाश करावं. ज्यांना वाचायचाच कंटाळा आहे, त्यांनीही यात पडू नये. दोन वर्षं वाचनच वाचन आहे. 'सगळ्या करताहेत म्हणून' हे कारण तर सगळ्यात वाईट.

उरतो तो स्थळांचा प्रश्न. 'जास्त शिकलेली मुलगी' ही अडचण वाटणारं घर मुलीनं चार वर्ग कमी शिकून सुधारणार आहे का? याउलट लग्नानंतर दहा वर्षांनी, मुलं मोठी झाल्यावर किंवा घरावर वेळ आल्यावर, 'माझ्याजवळ काय आहे?' असा प्रश्न बाईला पडतोच. त्या वेळी कपाटातली पदवी आणि वापरात ठेवलेली भाषा या दोन गोष्टी कुणी काढून घेऊ शकत नाही. दागिने गहाण पडतात, जमिनीच्या वाटण्या होतात. शिकलेलं तेवढं आपल्या नावावर राहतं.

तेव्हा 'मग पुढे काय?' असं कुणी विचारलं तर गप्प बसू नका आणि चिडूही नका. वहीत हा जमाखर्च मांडा, खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे लिहा आणि घरच्यांसमोर ठेवा. कदाचित तुमच्याआधी आईच म्हणेल, 'फॉर्म कधी निघतात गं?'